गार्डभाऊ आणि यमूआत्येची पुस्तकं

गार्डभाऊ कुठलंही पुस्तक शेवटाकडून उघडायचे. वाचनालयाच्या दारात, चपलाही न काढता, उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण वाचून काढायचे. खुनी कोण ते पाहून घ्यायचे आणि मग पुस्तक काखेत मारून निवांत घरी जायचे. "असं वाचलं तर मजा काय राहिली भाऊ?" असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ते हसले. "बाई, जनावर कुठी बसलं आहे ते माहीत असलं ना, का मंग जंगल नीट पाहता येते. नाईतर सारं ध्यान त्याच्याकडंच."

नागभीडपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमधल्या एका गावात मी ग्रंथपाल होते. गार्डभाऊ तिथले निवृत्त वनरक्षक. त्यांचं खरं नाव फक्त माझ्या सभासद नोंदीत होतं, गावात ते सगळ्यांचे गार्डभाऊच. उंच, वाळकुडे, थंडीत नोकरीतला खाकी स्वेटर घालणारे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती मुलगी शालू घुग्घुसला दिलेली, जावई कोळसा खाणीत. घरी भाऊ एकटेच. दुपारी चारला मी कुलूप काढायची तेव्हा ते पायरीवर बसलेले असायचे.

त्या सुमारास वाचनालयात यमूआत्येची पुस्तकं आली. यमूआत्या म्हणजे कोकणातल्या एका खेड्यातली निवृत्त शिक्षिका. गावात कोणी संशयास्पद मेलं की भाजी निवडता निवडता ती खुनी शोधून काढते. रक्त नाही, आरडाओरड नाही. शेवटी सगळे ओसरीवर चहा पितात. पुस्तकं इतकी हातोहात जायला लागली की मी टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली आणि शनिवारी वाचकांची बैठक सुरू केली. बाकीचे लिहायचे, "छान आहे", "यमूआत्या फार हुशार". गार्डभाऊ लिहायचे ते अहवालासारखं. "पृष्ठ ४३. रात्रभर पाऊस झाला असे लेखिका सांगते. सकाळी अंगणात चपलेचा ठसा स्पष्ट. असे होत नाही. बाकी ठीक." दुसऱ्या एका पुस्तकावर लिहिलं होतं, "आठ पुस्तकांत अकरा माणसे गेली. इतके होऊनही कोणी गाव सोडले नाही, याचे नवल वाटते." ते वाचून बैठकीत हशा पिकला. भाऊही हसले होते.

एका शनिवारी मात्र ते रागावले. विहिरीवर मेलेल्या एका बाईची गोष्ट होती. अंगणवाडीच्या मंदाताई नेहमीसारख्या आत्येच्या हुशारीचं कौतुक करत होत्या. भाऊ मधेच म्हणाले, "त्या मेलेल्या बाईचं नाव काय होतं, सांगा बरं."

मंदाताईंना आठवेना. मलाही आठवेना.

"नाई ना सांगता येत? चौथ्या पानानंतर कोनी तिचं नावच घेत नाई. साऱ्यायले खुनी पाहिजे. ती बाई घरी भात टाकून आली होती, त्या भाताचं काय झालं, कोनी इचारलं का?"

"अहो भाऊ, करमणुकीसाठी असते ते," मंदाताई म्हणाल्या.

भाऊ चपला घालून निघून गेले. मग मंदाताईंनी मला सांगितलं. भाऊंची बायको मोहफुलं वेचायला गेली होती, पहाटे, आणि वाघाने नेली. पंचनाम्याच्या वेळी भाऊ खाकी कपड्यांत तिथेच उभे होते. शालू तेव्हा बारा-तेरा वर्षांची. त्यानंतर बापलेकीत कामापुरतं बोलणं उरलं. भांडण नाही, काही नाही. "एकाच घरात दोघं पाहुन्यासारखे राहत," मंदाताई म्हणाल्या.

मालिकेतलं नववं पुस्तक आलं आणि भाऊ ते घेऊन गेले ते परत देईनात. एरवी चार दिवसांत आणून देणारा माणूस महिना झाला तरी येईना. दहा जणांनी नाव नोंदवून ठेवलं होतं. शेवटी एका दुपारी मीच त्यांच्या घरी गेले. भाऊ पडवीत बसले होते आणि पुस्तक मांडीवर उघडं होतं. शेवटचं प्रकरणच.

"संपलं नाही का भाऊ अजून?"

"संपलं तर कवाचंच. हे एकच पान वाचून राह्यलो."

त्या पुस्तकात खुनी कोणीच नसतो. नदीवरच्या लाकडी साकवावरून पडून एक म्हातारी मरते. साकवाची फळी कुजली आहे हे तिच्या शेजाऱ्याला आदल्या दिवशीच कळलेलं असतं, पण सांगायचं राहून जातं. शेवटी तो म्हातारीच्या मुलासमोर बसून हे कबूल करतो. मी ते एका बैठकीत वाचून संपवलं होतं आणि विसरलेही होते.

भाऊ खाली बघत बोलू लागले. "आदल्या दिवशी संध्याकाळी नाल्यावर म्या ठसे पाहिले होते. ताजे. वाघीन होती. गावात सांगाचं होतं, का उद्या तिकडं मोहाले नका जाऊ. घरी यायले लई वेळ झाला. म्हटलं, सकाळी उठून सांगतो. अन् झोप लागली, बाई. उठलो तं शालूची माय गेली होती." मग त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हा मानूस कसा सांगते, ते पाहून राह्यलो. पहिला शब्द कोनता काढते. शालू येनार हाये दिवाळीले. तिले सांगाचं हाये. पोरीच्या पोटात काय हाये मले समजत नाई, पन माह्या पोटात हे हाये ते तिले समजलं पाहिजे."

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. जगाचं मला बरंच कळतं असं मला वाटायचं. मी म्हणाले, "कशाला भाऊ आता? इतकी वर्षं झाली. ती तिच्या संसारात सुखात आहे. जखम उघडून काय मिळणार? दोघांनाही त्रासच."

त्यांनी मान वर केली. मी शिकलेली, पुस्तकातली बाई. माझ्या शब्दाला त्यांच्या लेखी वजन होतं. "तुमाले असं वाटते?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पुस्तक मिटलं, स्वेटरच्या बाहीने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. दिवाळीला शालू आली आणि चार दिवस राहून परत गेली. भाऊ पुन्हा पायरीवर येऊन बसू लागले. पुस्तकं नेत, आणून देत. वहीत मात्र फक्त "वाचले" एवढंच लिहीत. मला वाटलं, माणूस सावरला.

दोन वर्षांनी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शालू घुग्घुसहून आली आणि राहिली. मी भेटायला गेले की भाऊ डाव्या हाताने माझं मनगट धरत, शालूकडे पाहत, पुन्हा माझ्याकडे पाहत आणि तोंडातून नुसता आवाज काढत. दोन-तीनदा असं झाल्यावर शालूने विचारलं, "बाई, बाबा तुमाले काय सांगून राह्यले? तुमाले माहीत आहे. मले दिसते."

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली, अगदी थोडी. मग मी बसले आणि सांगितलं. नाला, ठसे, सकाळी सांगू म्हणून लागलेली झोप. त्यांच्यासारखं मला सांगता आलं नाही, पण सगळं सांगितलं.

शालू वाटीतली पेज ढवळत होती. तिचा हात थांबला. ती बापाच्या खाटेशी जाऊन खाली बसली.

"बाबा," ती म्हणाली, "माय तुमाले उठवाले आली होती. म्हने, तुह्या बाबाले इचारते, कोन्या बाजूनं जाऊ. मीच म्हटलं, झोपू दे वो त्यायले, दमून आले. मी नाई म्हटलं म्हनून ती तशीच गेली. मले वाटे, तुमाले ते ठाव आहे. म्हनून तुमी माह्यासंगं बोलत नाई."

भाऊंच्या घशातून आवाज आला. त्यांनी डावा हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथे नीट राहीना, घसरत राहिला. शालूने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी बाहेर आले. मागून तिचं बोलणं ऐकू येत होतं. वर्षानुवर्षांचं साठलेलं, न थांबणारं. त्याला उत्तर द्यायला भाऊंजवळ एक शब्द नव्हता.

त्यानंतर ते अकरा दिवस जगले.

घर बंद करून शालू घुग्घुसला निघाली, त्या सकाळी मी तिला भेटायला गेले. ती भाऊंचे कपडे पिशवीत भरत होती. मी तिला माझा वाटा सांगितला. बाबा दोन वर्षांपूर्वीच तुला सांगणार होते, त्या दिवाळीला, ते शब्दही जुळवत होते, मीच नको म्हणाले. तेव्हा त्यांची वाचा शाबूत होती.

ती रागावेल, रडेल, काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. तिने स्वेटरची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून मोडली आणि पुन्हा घातली.

"दोन वर्सं होती ना, बाई, आमच्याजवळ," ती एवढंच म्हणाली, आणि पिशवीचे बंद बांधू लागली.