बोट मागे, तोंड पुढे

मुलाने बरोबर उत्तर दिलं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. "बरोबर आलंय खरं," त्या म्हणायच्या, "पण मला काही खात्री वाटत नाही."

चाकणजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत त्यांच्याकडे चौथी होती, माझ्याकडे तिसरी. अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी आपण जपूनच बोलतो. त्यात बाईंच्या पिशवीत एक निळी वही असायची. दुसऱ्याच्या वर्गासमोरून जाताना त्या दारात थांबायच्या, ऐकायच्या, काहीतरी टिपायच्या आणि पुढे जायच्या. ही टिपणं वर साहेबांकडे जातात, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

एकदा माझ्या वर्गात दीपाली धडा वाचत होती. तिचे आईवडील नांदेडकडून आलेले, दोघंही कंपनीत शिफ्टला. पोरगी घडाघडा वाचायची. वाचनात मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते. बाई आत आल्या आणि त्यांनी पुस्तकातलं चित्र तळहाताने झाकलं.

"आता खालची शेवटची ओळ वाच बरं."

दीपाली पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागली.

"सर, हिचं बोट मागे असतं आणि तोंड पुढे. धडा पाठ आहे हिला. वाचता येत नाही."

भर वर्गात. माझे कान तापले. "गुण मी दिलेत. काय ते मी बघेन."

"गुण राहू द्या. शिकवायचं कधी, ते सांगा."

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती वही टेबलावर दिसली. आसपास कुणी नव्हतं. मी माझं नाव शोधायला ती उघडली. नाव कुठेच नव्हतं. सगळी मुलांची नावं, माझ्या वर्गातलीसुद्धा. दीपालीच्या नावापुढे लिहिलं होतं : 'घ आणि ध एकच वाटतात. म, भ तसंच. काना धरते, वेलांटी सोडते. चारचौघांत घाबरते; एकटीला विचारावं.'

मान वर केली तर बाई दारात.

"सापडलं का?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरण्याआधी आम्ही दोघं दीपालीला घेऊन बसू लागलो. दिवाळीनंतर एका सकाळी बाईंनी तिच्यापुढे वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. तिने कधी न पाहिलेला. ती शब्दाशब्दाला थांबत होती, मागे जात होती, पुन्हा धरत होती. मला वाईट वाटलं. बाई मात्र हसत होत्या.

"अडखळतेय, सर. म्हणजे वाचतेय."

फेब्रुवारीत तिच्या वडिलांची कंपनी बदलली आणि बिऱ्हाड थेरगावला निघालं. दीपालीला काय येतं, काय अजून यायचंय, कसं विचारावं, असं पानभर लिहून बाईंनी तिच्या आईकडे दिलं. "हे नव्या बाईंच्या हातात द्या."

"देते की, बाई."

पुढच्याच आठवड्यात बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. थेरगावला, दीपालीच्या नव्या शाळेत निघाल्या होत्या.

"कागद दिलाय ना आपण?" मी विचारलं.

"दिलेला कागद कुणी वाचतं का, सर?"

त्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. मला त्या आठवतात, थेरगावला निघाल्या त्या दुपारच्या. हायवेवरून कंटेनर धडधडत चाललेले, आणि पलीकडच्या बसथांब्यावर जायला कडेला उभ्या बाई. रस्ता मोकळा झाला तरी दोन्हीकडे दोनदा पाहिल्याशिवाय पाऊल उचलेनात.