कोपऱ्यातली चौकट

किल्लीवाल्याने आयुष्यभर दुसऱ्यांची कुलपं उघडून दिली, पण त्या दिवशी सकाळपासून स्वतःच्या घरातला टीव्ही काही त्याला दाद देईना. पडद्यावर नुसता निळा रंग आणि मधोमध पाटी, ‘सिग्नल नाही’. रिमोटच्या पाठीवर थापट्या मारून झाल्या, वायर उपटून पुन्हा खोचून झाली, रिसीव्हरच्या डब्याला चार शब्द सुनावून झाले. पाटी हलायला तयार नव्हती.

एरवी त्याने ‘मरू दे तिकडे’ म्हणून रिमोट गादीवर फेकला असता आणि दुकान गाठलं असतं. टीव्हीचं त्याला फारसं वेड नव्हतंच. पण आज संध्याकाळी पाच वाजता त्याची मुलगी टीव्हीवर येणार होती, आणि ती दिसली नाही तर बायकोला तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

मुलीला सगळे बारकी म्हणत. एकुलती एक मुलगी बारकी कशी, असं कुणी विचारलं की किल्लीवाला म्हणायचा, “जन्मली तेव्हा बघायला हवी होती.” ही बारकी आता सव्वीस वर्षांची होऊन दूरच्या शहरात राहत होती आणि देशभर फुकट दिसणाऱ्या राष्ट्रीय वाहिनीवर तिला काम मिळालं होतं. पाचच्या बातम्या निवेदक वाचणार, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असणार. त्या चौकटीत उभी राहून बारकी त्याच बातम्या हातांनी सांगणार, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. हे नवं बातमीपत्र आजपासूनच सुरू होणार होतं.

हातांची भाषा बारकीला मुद्दाम शिकावी लागली नाही. तिची आई जन्मापासून ठार बहिरी. बारकी आधी हातांनी बोलली आणि तोंडाने मागाहून. वर्गात गेली ती निव्वळ सर्टिफिकेटापुरती.

आईला सगळी गल्ली काजवाली म्हणून ओळखायची. ती घरी बसून शिंप्यांच्या शर्टांना हाताने काजं करून द्यायची. एका शर्टाला सात काजं, आणि सातवं पहिल्यासारखंच नेटकं. समोर टीव्ही चालू असायचा, पण तिच्या लेखी टीव्ही म्हणजे तोंडं उघडणारी आणि मिटणारी माणसं. तिच्याशी बोलायची ती फक्त पडद्याखालून सरकणारी अक्षरांची पट्टी. त्यामुळे ती प्रत्येक पट्टी वाचायची. साबणाची, हवामानाची, हरवलेल्या माणसांची, सगळ्या.

म्हणूनच सकाळी किल्लीवाला रिसीव्हरशी भांडत असताना ती उठली, तिने शिलाईच्या डब्यातून शर्टाच्या मापाचा एक कागद काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. मागच्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : वाहिनी आजच्या तारखेपासून दुसऱ्या उपग्रहावर जाणार, गच्चीवरची डिशची छत्री फिरवून घ्यावी. खाली रिसीव्हरमध्ये भरायचे नवे आकडे, फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट, सगळं.

“हे कधीचं?” त्याने हातांनी विचारलं.

“पंधरा दिवस दाखवत होते,” ती हातांनीच म्हणाली. “तुला सांगितलं होतं. तू मान हलवलीस.”

इथे एक सांगायला हवं. हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. समोरच्याकडे बोट केलं की संपलं. त्यामुळे लग्नाच्या पहिल्या दिवसापासून ती नवऱ्याला ‘तू’ म्हणत आली होती, आणि मान हलवण्याबद्दल तिचं म्हणणं अगदी खरं होतं.

किल्लीवाला पाना घेऊन गच्चीवर गेला तर तिथे ही गर्दी. सगळ्या इमारतीचे टीव्ही एकदमच निळे झाले होते आणि प्रत्येक घराचा कर्ता पुरुष आपापल्या छत्रीला मिठी मारून उभा होता. दवाखान्यातला कंपाउंडर होता, टायरवाला होता, आणखी दोघं होते. जो तो छत्री हलवायचा, कठड्यावरून वाकायचा आणि खाली ओरडायचा, “आलं का?” खालून आपापल्या खिडकीतून उत्तरं यायची, “नाही!” “नाही हो!” “अजून नाही!”

“आलं!” एक आवाज आला.

कंपाउंडरने घाईघाईने नट आवळला, वर दोन बुक्क्या मारून तो पक्का केला आणि हात झटकले. “झालं आपलं,” तो म्हणाला. तेवढ्यात त्याची बायको धापा टाकत जिना चढून वर आली.

“अहो, नट कशाला आवळताय? खाली काहीच नाही!”

“मग ‘आलं’ कशाला ओरडलीस?”

“मी कुठे ओरडले? ती दुसऱ्या मजल्यावरची!”

दुसऱ्या मजल्यावरचीला विचारलं तर तिच्याकडे पाणी आलं होतं. पाच छत्र्या, पाच खिडक्या आणि कुणाचं ‘आलं’ कुणाचं ‘नाही’ याचा पत्ता नाही. टायरवाल्याने तर दुसऱ्याचंच ‘नाही’ ऐकून तीनदा आपली छत्री फिरवली होती.

किल्लीवाल्याची छत्री कठड्यालाच बसवलेली, त्याच्या खिडकीच्या बरोबर वर. त्याने हाक मारली नाही, कुणाला मारणार? खाली काजवालीने टीव्ही खिडकीपाशी ओढून घेतला होता, कागदावरचे आकडे एकेक करून रिसीव्हरमध्ये भरले होते आणि खिडकीबाहेर हात काढला होता. मूठ बंद. म्हणजे शून्य. पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात. वरची उगाच फुगून दाखवते, तिचं काही खरं नसतं. खालची गुणवत्तेची, ती वाढली तरच चित्र. काजवाली फक्त खालच्या पट्टीचा आकडा हातावर दाखवत होती, आधी दशकाचा, मग एककाचा; हातांच्या भाषेत नऊपर्यंत एकच हात पुरतो.

किल्लीवाल्याने नट सैल केला. किल्ली घासायची त्याची पद्धत होती : कानस दोनदा फिरवायची, किल्ली लावून बघायची, पुन्हा दोनदा. एकदम जोर केला की पितळ वाया. त्याने छत्री तशीच सरकवली, केसभर, आणि खाली बघितलं. मूठ. पुन्हा केसभर. मूठ. बाजूला टायरवाला छत्री बैलगाडीच्या चाकासारखी फिरवत होता. ऊन वर आलं, मान अवघडली. मूठ, मूठ, मूठ. एकदा त्याला वाटलं, हिचा हात तरी जागा आहे ना? तेवढ्यात एक बोट वर झालं. मग दोन. मग दोन आणि पाच. पंचवीस!

तो थांबला, मग पुढे सरकवली. मूठ. मागे आणली. तीन-एक, चार-चार, पाच-आठ. अठ्ठावन्न! त्याने नट आवळला तशी छत्री किंचित वळली आणि हात चाळीसवर उतरला. किल्लीवाल्याने मनात एक शिवी हासडली. पुन्हा सैल केला. या वेळी छत्री मुद्दाम थोडी उलटीकडे ठेवून आवळली. सहा-दोन. बासष्ट. आणि मग खिडकीतून तिचा दुसरा हातही बाहेर आला आणि दोन्ही हात हवेत नुसते नाचू लागले.

“यांचं आलं!” कंपाउंडर ओरडला. ते ऐकून टायरवाल्याने आपला नट आवळून टाकला.

बाकीच्यांना फ्रिक्वेन्सीचा आकडाच माहीत नव्हता. गच्ची उन्हात भाजून घेत असताना खाली रिसीव्हर अजून जुन्याच आकड्यांवर बसला होता. कागद काजवालीकडे आहे हे कळल्यावर सगळे तिच्या दारात रांग लावून उभे राहिले. तिने प्रत्येकाला आकडे लिहून दिले, कंपाउंडरला दोनदा, कारण पहिला कागद त्याने खिशात ठेवून हरवला. मोबाईलवरही दिसतात की बातम्या, असं तो मध्येच म्हणाला. किल्लीवाल्याने ते हातांनी सांगितलं तशी काजवालीने अंगठ्याचं नख पुढे करून दाखवलं : एवढी दिसेल पोरगी.

पाचला दहा मिनिटं कमी असताना कंपाउंडर, त्याची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, आणि टायरवाला किल्लीवाल्याच्याच घरात येऊन बसले. बारकीला लहानपणापासून पाहिलेलं, घरी कसं बसवेल? काजवालीने केस विंचरले होते. टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल ठेवून ती ताठ बसली होती.

पाच वाजले. चित्र स्वच्छ, निवेदकाच्या टायवरचे ठिपकेसुद्धा मोजून घ्यावेत. निवेदक बोलत होता. पडदाभर तोच होता. बारकी नव्हती.

एक मिनिट गेलं. “येईल,” कंपाउंडर म्हणाला. दुसरं मिनिट गेलं. “आज दुसरी कुणी असेल,” टायरवाला म्हणाला, पण दुसरीही कुणी नव्हती.

किल्लीवाल्याला बायकोकडे बघवेना. तिने चार दिवस शिलाईचं काम परत पाठवलं होतं, डोळे ताजे राहावेत म्हणून. काय सांगणार होता तो तिला? की सगळं जमलं, फक्त पोरगी तेवढी नाही?

काजवाली मात्र निवेदकाकडे बघतच नव्हती. ती उठली, पडद्याजवळ गेली आणि उजव्या कडेच्या अगदी टोकावर बोट ठेवलं. मग वळून नवऱ्याला म्हणाली, “तिचं बोट.”

“कुठे?”

“बघ ना! आत आलं. गेलं. परत आलं.”

त्याने चष्मा पुसून बघितलं. खरंच, कडेला मधूनच काहीतरी डोकावत होतं. एक नख, अर्धं बोट, क्षणभर, आणि पुन्हा बाहेर. कोणाचंही असू शकलं असतं, पण सव्वीस वर्षं ज्या बोटांशी ती बोलत आली होती ती तिला कशी कळणार नाहीत? पोरगी तिथेच होती. पडद्याच्या बाहेर.

आणि मग किल्लीवाल्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि पाठोपाठ कानही गरम झाले. त्यांचा टीव्ही जुना, चौकोनी. नव्या रुंद चित्राच्या वर आणि खाली त्यावर काळ्या पट्ट्या पडायच्या. त्या त्याला मुळीच बघवत नसत. टीव्ही एवढा मोठा घेतलाय तर चित्रही तेवढंच हवं, असा त्याचा हिशेब. म्हणून वर्षभरापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने रिसीव्हरमध्ये ‘झूम’ लावून ठेवलं होतं. चित्र पडदाभर झालं होतं आणि दोन्ही बाजू कापल्या गेल्या होत्या. वर्षभर तो कापलेला टीव्ही बघत होता, वर त्याचं कौतुकही करत होता.

रिमोट त्याच्या हातात दोनदा उलटा आला. मेनू, खाली, खाली, चुकीचं, परत. भाषा नको, घड्याळ नको! “भाऊजी, सावकाश,” वहिनी म्हणाल्या. चित्राचा आकार. झूम. बंद.

वर-खाली काळ्या पट्ट्या पडल्या, निवेदक आखडून लहान झाला आणि उजव्या कोपऱ्यात, छोट्याशा चौकटीत, निळ्या शर्टात बारकी उभी राहिली.

खोलीत जो गलका झाला तो इमारतीभर ऐकू गेला असेल. “आली, आली!” कंपाउंडर टाळ्या वाजवत होता, वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, टायरवाला प्रत्येकाला विचारत होता, “हीच ना? हीच ना?” किल्लीवाला हसत होता की रडत होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. एवढी शहाणी, एवढी सुंदर मुलगी आपली आहे, हे त्याला पहिल्यांदाच असं समोर बसून बघायला मिळत होतं.

दोन-तीन मिनिटांनी गलका ओसरला तेव्हा कंपाउंडरच्या लक्षात आलं. “अहो, आवाज कुठाय?”

आवाज नव्हताच. त्या घरात दिवसभर टीव्ही बघणारी एकटी काजवाली, त्यामुळे आवाज शून्यावरच असायचा, आणि आज तो वाढवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

“वाढवा की!”

“नाही,” किल्लीवाल्याने रिमोट पाठीमागे लपवला. “आता मी एकही बटण दाबणार नाही. परत गेली तर?”

“मग बातमी काय आहे ते कळणार कसं?”

सगळ्यांनी काजवालीकडे बघितलं. ती पुढे झुकून बसली होती. मान हलत होती, भुवया वर जात होत्या. मध्येच ती हसली, मनापासून, आणि बाकी चौघांना कळेना की हसण्यासारखं काय झालं. किल्लीवाल्याला घरापुरत्याच खुणा येत, बारकीचे भरभर चालणारे हात त्याला पकडता येईनात. किल्लीवाल्याने तिच्या खांद्यावर हलकेच थोपटून विचारलं, “काय झालं? काय म्हणाली?”

चौकटीवरची नजर न हलवता काजवालीने त्याच्यासमोर तळहात धरला. “थांब. नंतर सांगते.”

किल्लीवाल्याला ही खूण नीट ओळखीची होती, कारण ती त्याचीच होती. एकतीस वर्षं कुठेही चारजण हसले की ती त्याची बाही ओढून विचारायची, काय झालं, आणि तो तळहात दाखवायचा, नंतर सांगतो. नंतर सांगायचा तेही दोन शब्दांत, आणि कित्येकदा विसरूनच जायचा. ती पुन्हा विचारायची नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि तरी, इतका आनंद त्याला पूर्वी कधी झाला नव्हता.

तो तिच्या स्टुलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. बातम्या संपायला अजून वीस मिनिटं होती. तो वाट बघत राहिला.