शालूकाकूंची पैज आणि वाफेचं गाव

आल्मेरे या डच शहरातला आमचा शनिवारचा वॉकिंग ग्रुप म्हणजे पाच किलोमीटर चालणं आणि पंधरा किलोमीटर बोलणं! घरी येऊन बूट काढेपर्यंत एखादा तरी नवा किस्सा तयार असतो. हल्ली त्यातले निम्मे शालूकाकूंचे असतात, आणि काकू इथे होत्या जेमतेम तीन महिने.

काकू म्हणजे आमच्या निखिलची आई. वय बहात्तर, एक गुडघा नवा, दुसरा मूळचा. काका गेल्यापासून कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. निखिलचं म्हणणं, फ्लॅट विकायचा आणि आईने तळेगावजवळ ज्येष्ठांच्या सोसायटीत जायचं. काकूंचं म्हणणं, "मी जिवंत असेपर्यंत नाही!"

त्यात ग्रुपची न्यूझीलंड ट्रिप ठरली. तिथून काकू परस्पर पुण्याला जाणार होत्या. ट्रिपमध्ये तिथल्या मूळच्या माओरी लोकांचं एक गाव होतं, उकळत्या कुंडांच्या मधोमध वसलेलं आणि अजून नांदतं. कुंडांच्या कडेने चालायच्या वाटा. निखिल म्हणाला, "आई, तू गेटपाशी कॅफेत बस हं."

झालं! काकूंनी आम्हा सगळ्यांसमोर पैज लावली. "सगळी वाट माझ्या पायांनी चालते. चालले, तर फ्लॅटचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर विक!"

निखिल हसून "डन" म्हणाला. मला त्याचं ते हसणं अजिबात आवडलं नाही.

* * *

पुढच्याच शनिवारी हा पठ्ठ्या फोल्डिंग व्हीलचेअर घेऊन हजर! "फक्त सेफ्टीसाठी."

काकूंनी खुर्चीवर आपली पर्स ठेवली. मग सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. वर बेसनाच्या लाडवांचा डबा. "हं, ढकल आता!"

त्या दिवशी डाइकवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, समोरून सोसाट्याचा वारा होता. काकू आमच्याबरोबर पुढे, आणि मागे निखिल धापा टाकत लाडू ढकलतोय!

* * *

मग तो त्यांना हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरच नाही म्हणेल, हा हिशोब. डॉक्टर निघाली तिशीतली मुलगी. तिने निखिलचं सगळं ऐकून घेतलं, मग खुर्ची काकूंकडे वळवली आणि विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?"

काकू म्हणाल्या, "वॉक."

"मग चाला. रोज थोडं थोडं. दुखलं तर पॅरासिटामॉल."

निखिल दोन दिवस चिडलेला होता. एक्स-रे नाही, काही नाही! काकू मात्र मला म्हणाल्या, "मीनल, माझ्या गुडघ्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलं गं."

* * *

जिन्याचा किस्सा तर माझ्यासमोर घडला. मी निखिलकडे चहाला गेले होते. निखिल नेहमीचं सांगत होता, कोथरूडचे तीन मजले या वयात किती रिस्की वगैरे. काकूंनी शांतपणे कप खाली ठेवला.

"निखिल, इथे माझी खोली कुठेय?"

"वरती. अॅटिकमध्ये."

"तुमचा हा जिना आहे की माळ्याची शिडी? दिवसातून चार वेळा चढते. तेव्हा नाही कुणाला माझा गुडघा आठवत!"

सूनबाई आणखी चहा गाळायच्या निमित्ताने आत पळाली. हसू आवरत नव्हतं तिला.

* * *

आणि मग ते गाव. साधी लाकडी घरं, आणि घराघरांमागून वाफ. कुठे चिखल रटरटतोय, कुठे पाणी उसळतंय, आणि सगळीकडे सडक्या अंड्यांचा वास. काकूंनी नाकाला ओढणी लावली ती लावलीच.

आमची गाइड आरोहा, तिथेच जन्मलेली. तिने जमिनीत बसवलेल्या एका पेटीचं झाकण उघडलं. खालून नुसती वाफ, त्यावर जेवण शिजतंय. काकू वाकून बघत राहिल्या. "सिलिंडरचा नंबर लावायला नको, काही नको. सुखी आहे बाई!"

गावापुढे कुंडांची वाट सुरू झाली आणि काकूंचा वेग कमी झाला. शेवटच्या चढाआधी त्या बाकावर टेकल्या. नवा गुडघा ठीक होता, मूळचा सुजला होता. चेहरा पांढरा पडलेला. मी मनात म्हटलं, गेला फ्लॅट!

निखिल हळूच म्हणाला, "आई, पुरे आता."

काकू गुडघा चोळत राहिल्या. मग बोलायचं म्हणून तो आरोहाकडे वळला आणि इंग्रजीत विचारता झाला, "इथली जमीन केव्हाही फाटू शकते ना? मग तुम्ही लोक सुरक्षित जागी का जात नाही?"

आरोहाचा चेहरा एकदम बदलला. काकूंनी मला विचारलं, "काय म्हणाला गं हा तिला?"

मी सांगितलं.

"तिला म्हणावं, मनावर घेऊ नकोस. माझाच मुलगा आहे. सगळ्यांना हेच विचारत फिरतो!"

मी भाषांतर केलं. आरोहा इतकी मोठ्याने हसली की पुढचे टूरिस्ट वळून बघायला लागले. तिने काकूंना उठवायला हात पुढे केला.

"हात नको म्हणावं. पैज आहे!"

काकू उठल्या आणि चढाला लागल्या, एकेक पाऊल टाकत, वरपर्यंत. निखिल त्या बाकावर बसून बघत राहिला, आणि त्यानंतर फ्लॅटचं नाव काही त्याने काढलं नाही.