निळी गाडी पांढरी का पडली

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलला आमच्या घरामागच्या अंगणात एक निळी गाडी उभी होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत पांढरी होत चालली होती...

गाडी शेजारच्या नामदेवची. उरणकडचं हे घर, पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारं. मिठागर सरकारी प्रकल्पाच्या जागेत गेलं, नामदेव पनवेलला आला आणि त्याने ही सेकंडहँड गाडी घेतली. रंगवायला मात्र गॅरेजवाले सोडून त्याने मला धरलं.

मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नव्हतो. कंपनीतून आल्यावर हौसेने लोकांची लोखंडी कपाटं आणि स्कूटर रंगवायचो, घरी एक छोटा कॉम्प्रेसर होता, एवढीच माझी विद्या. आणि नामदेवने तर रविवारी करंजाला सासुरवाडीच्या पूजेला गाडी घेऊन येतो म्हणून सांगून ठेवलेलं. त्याच्या लग्नात तिथं कुणीतरी 'पोरगी मिठात घातली' असं बोललं होतं. ते हिराबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मनातून वीस वर्षं गेलं नव्हतं.

निळा मेटॅलिक रंग झकास बसला. मंगळवारी संध्याकाळी त्यावर चकाकीसाठी क्लिअर लॅकर मारलं, चहा पिऊन परत येतो तर बॉनेटवर साय धरलेली... दुधावर धरते ना, तशी.

बुधवारी बारीक पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासलं. वरून पाणी ओतलं आणि काय सांगू, आतला निळा रंग आरशासारखा वर आला. मी हिला हाक मारली. ही पदराला हात पुसत आली, गाडी बघितली आणि म्हणाली, "अहो, सुकू दे आधी. मग नाचा."

सुकलं... आणि साय परत हजर.

ओली असली की निळी, सुकली की पांढरी. हा काय प्रकार ते मला कळेना. तीनदा घासलं, तीनदा हाच खेळ.

मग मी पनवेलभर सल्ले गोळा केले. रंगाचा दुकानदार म्हणाला, थिनर जास्त झालं. एस.टी.च्या गाड्या रंगवणारा ओळखीचा पेंटर म्हणाला, थिनर कमी पडलं. समोरच्या गुरुजींनी दंतमंजन चोळायला सांगितलं, तेही चोळलं. गाडीला फक्त पुदिन्याचा वास आला.

गुरुवारी संध्याकाळी धीर करून लॅकरचा आणखी एक हात मारला. आता दरवाजेसुद्धा धुकं पडल्यासारखे दिसायला लागले. दुष्काळात तेरावा महिना...

नामदेव रोज यायचा. चहा घ्यायचा, गाडीकडे एकदा बघायचा आणि मग नुसता आभाळाकडे. मला वाटायचं, बिचारा देवालाच विचारतोय, कुठल्या गाढवाच्या हातात गाडी दिली म्हणून. लाजेने माझी मान वर व्हायची नाही.

शुक्रवारी मीच म्हटलं, "नामदेव, अजून वेळ आहे. गॅरेजला ने."

"सासूला मोतीबिंदू हाय भाऊ, तिला गाडी अशीच दिसनार," तो म्हणाला. "पन मेव्हन्यांचे डोले बरे हायत." मग थांबून म्हणाला, "तुमी संध्याकालीच का मारता?"

"कंपनीतून आल्यावरच वेळ मिळतो ना."

"संध्याकालचा वारा खाडीचा. त्या वाऱ्यात आमचं मीठ नाय धरत, तुमचं पानी कसं धरंल?" लॅकरला तो पाणीच म्हणायचा. "वहिनी, मिठाची बरनी दाखवा जरा."

हिने बरणी आणली. मीठ पाझरून गोळा झालेलं. नामदेवने बोटाने चाचपलं आणि ठरवून टाकलं, "उद्या उन्हं वर आली की मारा. खाडीचा वारा सुटायच्या आत."

"चार दिवस तू गप्प का होतास?"

"तुमी इचारलं कुठं? मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पण डब्यात लॅकर तळाशी उरलेलं. नवीन आणायला जावं तर वारा सुटेल... म्हणून नाइलाजाने त्यातच भरपूर थिनर ओतलं आणि साडेअकराच्या कडक उन्हात धुक्यासारखा हलका फवारा मारत गेलो.

आणि साय विरघळायला लागली. आधी बॉनेट, मग दरवाजे. मी फवाऱ्याची गन हातात धरून नुसता बघत उभा. ही म्हणाली, "आता नाचलात तरी चालेल."

पुढे केमिस्ट्री शिकलेल्या भाच्याने समजावलं की थिनर भराभर उडताना पत्रा गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी माठासारखं त्यावर धरतं. मी मान डोलावली. पण त्या दिवशी काम केलं ते वाऱ्याने की चुकून जास्त पडलेल्या थिनरने, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

रविवारी गाडी करंजाला गेली. हिराबाई परत आल्या त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात. हिच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी देत म्हणाल्या, "माज्या भावानं सोताच्या टॉवेलनं गाडी पुसली, वहिनी."

मागच्या नंबरप्लेटखाली तळहाताएवढा पांढरा डाग मात्र राहून गेला होता. मी नामदेवला म्हटलं, आण गाडी, पाच मिनिटांचं काम आहे.

"ऱ्हाऊ दे भाऊ. मिठागरवाल्याची गाडी हाय, कलाया नको?"

तेव्हापासून रंगाचा डबा उघडायच्या आधी मी मिठाची बरणी उघडून बघतो. आणि त्याच्याही आधी, ज्याची वस्तू आहे त्याला विचारून घेतो... नामदेवा, तुझे उपकार.