पाचव्या मजल्यावरची उघडी दारं

झोपडीच्या बदल्यात मिळालेल्या घरांनी लोकांच्या तब्येतीत काय फरक पडतो, याचा अभ्यास करायला श्रुतिका घाटकोपरच्या त्या इमारतीत आली होती. पाचव्या मजल्यावर अनुपमाकाकी घाडींनी तिला आत घेतलं. लग्नाच्या जेवणावळीत पुऱ्या लाटायला जाणारी ही बाई अर्धं आयुष्य डोंगरावरच्या झोपडीत राहिली होती.

"काकी, घर मिळाल्यावर काय बदललं?"

"पाणी प्यायला लागले."

"डोंगरावर पाणी येत नव्हतं?"

"येत होतं गं. पण संडास पार खाली. अंधारात एकटी बाई कशी जाणार? म्हणून दुपारनंतर घोटसुद्धा घ्यायचे नाही. दोनदा मुतखडा झाला. डॉक्टर सांगायचे, भरपूर पाणी प्या, आणि मी नुसती मान डोलवायचे. इथे आलो त्या संध्याकाळी तांब्यावर तांब्या प्याले. आमच्या ह्यांना वाटलं, वेड लागलं हिला!"

काकी खळखळून हसल्या. श्रुतिकाच्या अंगावर मात्र काटा आला. इतकी वर्षं ही बाई रोज तहान मारत जगली होती!

"म्हणजे आता सगळं झकास?"

"कुठलं! डोंगरावर कुणाच्या दाराला कडी नसायची. इथे आल्याबरोबर सगळ्यांनी दारं लावून घेतली. समोरचे धोंडूकाका सकाळी मोरीत पडले, ते दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. उचलताना म्हणाले, 'मी जितो आसंय की मेलंय, कोणाक ठावक!' मला अन्नच जाईना."

काकींनी मग एकेक दार ठोठावलं. काहींनी तोंडावर बंद केलं. तेव्हा त्या स्वतःच संध्याकाळी पॅसेजमध्ये पाट टाकून बसायला लागल्या. कधी तांदूळ निवडायच्या, कधी भाजी चिरायच्या. बरेच दिवस एकट्याच. मग शेजारची मॉनिका मटार घेऊन आली. तिच्या मागून दुसरी.

बोलणं चालू असतानाच बाहेर खुर्च्या सरकल्या. श्रुतिका उंबऱ्यात येऊन पाहते तर एकेक दार उघडत होतं. कुणी शिवण घेऊन येत होतं, कुणी चहाची किटली. धोंडूकाका वॉकर टेकत आले, तशी मॉनिकाने विचारलं, "काका, गोळी घेतली ना?"

कुठल्याही सरकारी योजनेत हे नव्हतं. श्रुतिका नुसती बघत उभी राहिली.

"उभी काय गं?" काकींनी सरकून जागा केली. "बस. लसूण सोलता येतो ना?"