अडतीस अंशांवरचं गंधक

मोहोर आग न लावताही जळतो, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. जाळणारा मीच होतो.

आमची वाडी मुरुडजवळ. पुढे नारळ-सुपारी आणि घरामागे एकच हापूस. आई शाळेत भूगोल शिकवायची. त्यामुळे लोकांच्या आंब्यांना खत मिळायचं, आमच्या आंब्याला थर्मामीटर मिळाला. खोडाच्या सावलीच्या बाजूला खिळ्याला टांगलेला. सकाळ-दुपार पारा बघायचा आणि जेवताना आम्हाला ऐकवायचा, हा तिचा नेम. "आज आंब्याला ताप किती?" असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "हस तू. भुरी ही बुरशी आहे, तिलाही हवामान लागतं. रात्री गारवा आणि दिवसा ऊब असली की तिचं फावतं." भुरी म्हणजे मोहोरावर धरणारी पांढरी भुकटी. मी मान डोलवायचो आणि आमटी वाढून घ्यायचो. भूगोलात मी कायम काठावर पास.

पुढे तिला मोतीबिंदू झाला. दोन वर्षं मोहोर म्हणजे तिला नुसता पिवळट धूर दिसायचा. पारा मी वाचून सांगायचो. गेल्या फेब्रुवारीत अलिबागला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, तीन आठवडे ऊन नको, धूळ नको, म्हणजे वाडीत जायचंच नाही. तिची खोली रस्त्याच्या बाजूला, तिथून आंबा दिसत नाही. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मोहोर तेवढा सांभाळ. या डोळ्याने मला तो नीट बघायचाय."

त्या आठवड्यात रात्री चांगल्याच गार होत्या. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर मोहोर पांढरा. पिठाच्या गिरणीत ठेवल्यासारखा, खालपासून शेंड्यापर्यंत. आईला विचारायला हवं होतं. पण ऑपरेशन झालेल्या बाईच्या जिवाला घोर कशाला, असा मोठेपणा केला. रेवदंड्याच्या दुकानातून पाण्यात विरघळणारं गंधक आणलं. दुकानदाराने उन्हाबद्दल काहीतरी सांगितलं, ते मी पैसे देता देता ऐकलं, म्हणजे ऐकलं नाहीच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. फवारणीवाला पंप घेऊन आला तेव्हा बारा वाजत आले होते. हवा एका रात्रीत पालटली होती. समुद्रावरचा वारा पडलेला, डोंगराकडून गरम झळा येत होत्या. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "दादा, ऊन लय हाय. उद्या सकाली मारू."

"उद्या मला ऑफिस आहे. आजच मार."

"तुमची मर्जी," म्हणत त्याने पंप सुरू केला. मी स्वतः नळी धरून मदत केली. अगदी वरच्या शेंड्याला फवारा पोचला नाही, तेवढीच रुखरुख लागली.

जेवायला बसलो. आईने विचारलं, "पारा किती?"

"अडतीस."

"बरं झालं. थंडीत भुरी धरली असली तरी आता आपोआप बसेल. पारा पस्तीसच्या वर टिकला की तिचं काही चालत नाही."

माझा घास तोंडातच राहिला. शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "आणि गंधक मारलं तर?"

"या उन्हात? मोहोर करपेल."

मी भात पुढे ओढला. ती म्हणाली, "साबणाने परत हात धू आणि मग जेव." मी लहान मुलासारखा उठलो.

दोन दिवसांनी मोहोर तपकिरी झाला. हात लावला की चुरा होऊन मुठीत यायचा. इतकं बिघडवायला अर्धा तास पुरला होता, यावर माझा विश्वासच बसेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी काही न करता ऑफिसात जाऊन बसलो असतो तरी मोहोर वाचला असता.

आईला सांगायचा धीर झाला नाही. ती रोज पारा विचारायची, मी सांगायचो. मोहोराबद्दल तिने परत कधी विचारलं नाही, आणि निर्लज्जासारखं मला त्याचं बरंच वाटलं.

तीन आठवडे झाल्यावर ती काळा चष्मा लावून मागे आली. मी बरोबर होतो, सांगायचं वाक्य घोकत. ती आधी थर्मामीटरपाशी गेली, चष्मा वर केला आणि माझ्या मदतीशिवाय वाचलं, "तेहतीस." मग तिने वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"त्या दिवशी तुझ्या हातांना गंधकाचा वास येत होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"फवारून झालं होतं. तू सांगशील म्हणून थांबले."

घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"शेंड्याकडे बघ," ती म्हणाली. "तिथे नळी पोचली नाही वाटतं."

नव्हती पोचली. तिथेही तीच भुरी होती, मी डोळ्यांनी बघितली होती. आता त्या मोहोरावर पांढरं काही नव्हतं आणि वाटाण्याएवढी हिरवी फळं धरली होती. मोहोर करपल्यापासून मी रोज या झाडाखालून जात होतो, पण मान वर करायची हिंमत झाली नव्हती. ती फळं आधी तिला दिसली.

मग तिने हाताशी आलेली एक करपलेली डहाळी खाली ओढली आणि डोळ्याजवळ नेऊन काडी न् काडी बघितली.

"किती स्वच्छ दिसतंय रे," ती म्हणाली.