कावळ्याचा पाय

धम्मरत्न ओव्हाळला एका जागी शांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं. जेवताना त्याचा डावा पाय हलतो, टीव्ही बघताना हलतो, आणि मीटिंगमध्ये तर असा हलतो की शेजारच्याचा चहा हिंदकळतो. त्याची बायको उत्कर्षा म्हणते, "ह्यांना बसवायचं तर आधी दावं आणा."

त्यात नोकरी तसलीच. चाकणच्या एका मोटारींच्या कंपनीत तयार झालेली गाडी खडबडीत ट्रॅकवरून पळवायची आणि कान देऊन ऐकायचं. दाराच्या आत क्लिप सैल आहे का, डिकीत काही खडखडतंय का. आवाज आला की गाडी माघारी. वीस वर्षं खडखड शोधून मारणारा माणूस घरी आला म्हणून कान काय चपलांशेजारी काढून ठेवणार? काळेवाडीतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये पंख्याची कुरकुर, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, कपाटाची किल्ली, सगळं त्याला ऐकू येतं आणि सगळ्याचा त्रास होतो.

पण हे झालं वरवरचं. खरी टोचणी बावीस वर्षांपूर्वीची होती, आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

त्याचे वडील धोंडीबा, म्हणजे आबा, दापोडीत राहतात. कारखान्यात हेल्परची नोकरी केली आणि लग्नसराईत वस्तीतल्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवला. जोडीला ज्योतीराम. दोघांच्या गळ्यात दोन ड्रम, दोन्ही रुपेरी रंगवलेले, आणि असे वाजवायचे की घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मान डोलवायचा. आबांना एक गोष्ट सांगायची फार हौस. "माझा ड्रम साधा न्हाई. फौजेतला हाय, इंग्रजाच्या पलटणीतला. रंग खरवडा, खाली कावळ्याचा पाय दिसंल. सरकारी शिक्का त्यो." लोक हसायचे. खडकीची छावणी शेजारी, म्हणून दापोडीतल्या प्रत्येकाची कुठली तरी वस्तू फौजेतली असायचीच! धम्मरत्नही हसायचा. बापाची थाप म्हणून त्यानं ती गोष्ट केव्हाच निकालात काढली होती.

मग धम्मरत्न बावीस वर्षांचा झाला, कंपनीत चिकटला, आणि उत्कर्षाच्या घरचे बघायला येणार असं ठरलं. तिचे वडील बँकेत. आणि आपल्या घरात शिरल्या शिरल्या काय दिसणार, तर खिळ्याला लटकलेला बँडवाल्याचा ड्रम! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे यायच्या चार दिवस आधी, आबा कामावर आणि आई बाजारात असताना, त्यानं ड्रम पोत्यात घातला, सायकलला बांधला आणि कासारवाडीच्या भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकला. संध्याकाळी आबांना सांगितलं, "दार उघडं राहिलं होतं. कुणीतरी नेला."

आबा दोन दिवस जेवले नाहीत, एवढंच. लग्न ठरलं, झालं. त्याच सुमारास ज्योतीरामचं आणि आबांचं बोलणंही तुटलं. कशावरून बिनसलं ते आबांनी कधी सांगितलं नाही आणि धम्मरत्ननं विचारलं नाही. पुढं बँडही मोडला. दीड वर्षापूर्वी ज्योतीराम वारला, तेव्हा आबा गुडघ्याचं निमित्त काढून घरीच बसले.

तर अशी ही टोचणी. आबा आता अठ्ठ्याहत्तरचे. आई चतुराबाई गेल्यापासून दापोडीच्या खोलीत एकटेच. रविवारी धम्मरत्न डबा घेऊन जायचा, तेव्हा आबांची बोटं खुर्चीच्या हातावर, स्टीलच्या पेल्यावर, स्वतःच्या मांडीवर वाजत असायची. ती बोटं बघितली की हा नजर दुसरीकडं वळवायचा.

गेल्या हिवाळ्यात चिखलीकडच्या एका भंगारच्या वखारीत तो बाल्कनीसाठी लोखंडी अँगल बघायला गेला. कूलरच्या सांगाड्यांखाली एक ड्रम उताणा पडला होता. रुपेरी रंग. वाजवायचं पान फाटलेलं, तारा लोंबत होत्या, एका बाजूला नारळ बसेल एवढा पोचा. धम्मरत्ननं तो ओढून बाहेर काढला. त्यानं मोटारसायकलच्या किल्लीनं रंग खरवडायला घेतला. वखारवाला ओरडला, "ओ भाऊ, घ्यायचंय का नुसतं ओरबाडायचंय?" रुपेरीखाली लाल, लालखाली हिरवट, आणि त्याखाली पितळ. पितळेवर तीन रेघा एका टोकाला जुळलेल्या. कावळ्याचा पाय!

तो तिथंच उकिडवा बसला. बाप खरं बोलत होता. आणि आपण ते किलोवर विकलं!

अँगल राहिला, ड्रम घरी आला. उत्कर्षानं विचारलं, "हे काय ध्यान आणलंत?" तेव्हा बावीस वर्षांनी तो पहिल्यांदा बोलला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझे बाबा आपल्या लग्नात बँडपुढं तासभर नाचले होते, आठवतंय? त्यांना काय फरक पडणार होता हो?"

"आता ते उगाळू नको."

"मी नाही उगाळत. तुम्ही आबांना खरं सांगून टाका."

"वस्तू हातात दिली की झालं. म्हणेन, सापडला. पुढचं कशाला?"

"अजब आहात," एवढं म्हणून ती आत गेली.

त्यानंतर तीन महिने धम्मरत्नला दम नव्हता. इंच-टेप लावली, तर तोंड चौदा इंच, आबांच्या ड्रमएवढंच, अगदी बरोब्बर. एक बोल्ट गहाळ होता. नवा आणला, तो दोन फेऱ्यांनंतर अडकला. दुसरा आणला, तोही तसाच. शेवटी त्यानं बाकीच्यांतला एक बोल्ट खिशात घालून कंपनीत नेला आणि टूलरूममधल्या सोपानरावांना दाखवला. सोपानराव चाकणच्या जुन्या शेतकरी घरातले, रिटायरमेंटला आलेले, आणि बोटांनी आटे ओळखणारे. त्यांनी बोल्टवर गेज टेकवला आणि भुवया वर केल्या.

"ह्ये आपलं मेट्रिक न्हाई राव. इंग्रजी आटा हाय, जुना. आमी शिकाऊ व्हतो तवा असली मशिनं असायची. कुठनं आणलं?"

"वडलांचं आहे."

"मंग जपून ठेव. आन् बाजारात हिंडू नगंस, न्हाई मिळायचा. मी काढून देतो लेथवर."

धम्मरत्नला आकाश ठेंगणं झालं. इंग्रजी शिक्का, इंग्रजी आटे. आणखी काय पुरावा पाहिजे? कंपनीत तो नव्या पोरांना शिकवायचा, की एक खूण जुळली म्हणून माल पास करायचा नाही, तशी खूण दुसऱ्या कशावर असू शकते तेही बघायचं. पण स्वतःच्या घरात अक्कल कोण वापरतो!

पोचा त्यानं काळेवाडीतल्या डेंटिंगवाल्याकडून लाकडी ठोकळ्यावर हळूहळू काढून घेतला. रंग उतरवला. रविवारी सकाळी बाल्कनीत चिंच आणि मीठ घेऊन पितळ घासायला बसला, तर उत्कर्षा म्हणाली, "घरातला तांब्या कधी घासला नाहीत जन्मात." पुण्यातून नवं पान आणलं, खालच्या अंगाला लावायची तारांची जाळी आणली. जोडताना त्यानं तारांचा खटका, कड्या, बोल्ट, सगळीकडं कंपनीतल्यासारखी, खडखड मारणारी फेल्टची पट्टी लावली. काडी मारून बघितली. कुठं खरखर नाही, कुठं कुरकुर नाही. स्वतःवर खूश होऊन तो पाच मिनिटं तसाच बसला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे बाबा, ही गाडी नाही, हा साइड ड्रम आहे! खालच्या तारा खरखरल्या तरच हा बोलतो! जन्मभर जी खरखर मारली तीच आता पट्ट्या उपटून परत आणावी लागली. उत्कर्षा पोट धरून हसली, आणि तोही हसला. पण रात्री त्याचा पाय हलायचा काही थांबला नाही.

मार्चच्या एका रविवारी सकाळी तो ड्रम चादरीत गुंडाळून दापोडीला गेला. आबा दारात खुर्ची टाकून ऊन खात बसले होते. वाटेत त्यानं वाक्य पाठ केलं होतं. "आबा, तुमचा ड्रम सापडला," म्हणाला आणि चादर सोडली.

आबांनी चष्मा पुसला. ड्रम मांडीवर घेतला, कडेवरून हात फिरवला, उलटा केला. बोट कावळ्याच्या पायावर आलं आणि तिथंच थांबलं. डोळे भरून आले. धम्मरत्नला वाटलं, जिंकलं.

"कुठं गावला रं तुला?"

"चिखलीला, भंगारात. मी ओळखला ना! हा बघा कावळ्याचा पाय. तुम्ही सांगत होता ते खरं होतं आबा. आम्हीच मूर्ख."

"पाय हाय म्हणूनच तर माझा न्हाई," आबा म्हणाले.

धम्मरत्ननं वाकून शिक्का पुन्हा पाहिला.

"माझा मेरठच्या कारखान्यातला व्हता. साध्या पत्र्याचा. ह्यो ज्योतीरामचा. त्याच्या बापाला छावणीच्या लिलावात मिळाला व्हता. त्याला लोक इचारायचे, हात लावून बघायचे. आपल्याला लग्नात मांडवाच्या भाईर पंगतीला बसवायचे, पण ह्यो ड्रम बघायला पाटलाची पोरंबी जवळ यायची. मंग मीबी सांगायला लागलो, माझाबी फौजेतला. ज्योतीराम बाजूला उभा असायचा. एकदाबी त्यानं मला खोटं पाडलं न्हाई."

कासारवाडीच्या त्या भंगारवाल्यानं ड्रमला लोहचुंबक लावला होता आणि तो खटकन चिकटला होता, हे धम्मरत्नला आत्ता आठवलं. पितळेला कुठं चुंबक चिकटतो? पण तेव्हा त्याला फक्त तिथून पळायचं होतं.

आबा ड्रमकडं बघत बोलत होते. "असल्या माणसानं माझा ड्रम न्यावा, ह्याचंच लई लागलं मला."

"कुणी नेला?"

"ज्योतीरामनं. दुसरं कोण? आदल्याच दिवशी घरी आला व्हता. च्या पिताना सारखा खिळ्याकडं बघत व्हता. म्हणला, धोंडीबा, तुझा ड्रम मला आठ दिस दे, माझ्याचं पान गेलंय. मी न्हाई म्हणलो. दुसऱ्या दिशी ड्रम गायब. मी त्याला तोंडावर काय बोललो न्हाई. बोलणंच टाकलं. दोनदा दारात आला, हाका मारल्या. मी आत बसून राह्यलो. मातीलाबी गेलो न्हाई." त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. "जाऊ दे. माणूसच गेलं. नेला तर नेला. मी माफ केलं त्याला."

धम्मरत्नचा पाय हलायचा थांबला होता. गप्प राहिलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. आबा शांत झाले असते, ड्रम घरात राहिला असता, आणि मेलेला माणूस काही तक्रार घेऊन येणार नव्हता. तो उठला, दोन पावलं गेला, परत आला.

"आबा, ज्योतीरामकाकांनी नाही नेला."

"मंग?"

"मी विकला. भंगारात. उत्कर्षाच्या घरचे येणार होते. मला लाज वाटली तुमची."

आबांनी त्याच्याकडं पाहिलं. शिवी देतील, हात उचलतील, असं त्याला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आबांनी ड्रम मांडीवरून सरकवून त्याच्या हातात दिला आणि खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"चपला दे."

"कुठं निघालात?"

आबा चालू लागले. ज्योतीरामचं घर दोनच गल्ल्या पलीकडं होतं. बावीस वर्षं आबा ती गल्ली टाळून लांबच्या वाटेनं दुकानात जात होते, हे धम्मरत्नला त्या दिवशी कळलं. गुडघा दुखत होता, तरी त्यांनी पोराचा हात धरला नाही.

दार ज्योतीरामच्या बायकोनं, सरूबाईनं उघडलं. तिनं आधी ड्रम पाहिला. "अगं बाई! पोरांनी ह्यो भंगारात घातला व्हता," म्हणाली, आणि मग मागं उभे असलेले आबा तिला दिसले. तिनं दार पुरतं उघडलं, खुर्चीवरचे कपडे उचलले.

"या भावजी. बसा."

आबा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"वैनी, आधी ह्यो काय सांगतोय ते ऐक. मंग मला बस म्हणायचं का न्हाई, ते ठरव."

धम्मरत्ननं ड्रम खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.